नाथांच्या गोष्टीतला आठवा दिवस

सायखेडा हे निफाड तालुक्यातलं गोदाकाठचं बाजाराचं गाव. पलीकडच्या काठाला चांदोरी. उपबाजारात कांद्याचे ट्रॅक्टर, शिवारात द्राक्षबागा आणि ऊस, आणि पावसाळ्यात वरच्या धरणांतून विसर्ग वाढला की पुलाला येऊन अडकणाऱ्या पाणवेली. ऑगस्ट 2019च्या पुरात या दोन्ही गावांत पाणी शिरलं आणि माणसांना सुरक्षित ठिकाणी हलवावं लागलं. या काठावर मरणाचाही एक सार्वजनिक दिवस असतो, तो म्हणजे दहावा. दशक्रियेला मंडप पडतो, पिंडाला कावळा शिवायची वाट पाहिली जाते, मधल्या वेळात प्रवचन होतं आणि शेवटी श्रद्धांजलीची भाषणं. इथल्या माणसाच्या कानावर मृत्यूचा विचार पडतो तो पुस्तकातून कमी आणि या मंडपातून जास्त.

खालचा संवाद अशाच एका दहाव्यानंतरचा. त्यातले मामा-भाची म्हणजे कुणी ठरावीक माणसं नव्हेत, पण गोदाकाठच्या कुठल्याही घरात भेटतील अशी आहेत. मामा निवृत्त प्राथमिक शिक्षक, गळ्यात तुळशीची माळ, थोडी द्राक्षबाग. भाची नाशिकच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात नर्स. प्रश्न एवढाच की, आपण मरणार आहोत हे सतत आठवत राहिलं तर जगण्याचं काम सापडतं का?

मामा : महाराजांनी आज संत एकनाथांची गोष्ट काय सुंदर सांगितली! ऐकलीस ना?

भाची : ऐकली. चहा चालला होता तिथं मागं उभी होते. शेजारी मयताचे दोन पुतणे बांधावरून हळू आवाजात हुज्जत घालत होते. प्रवचन आणि बांध, दोन्ही एकदमच कानावर पडत होतं.

मामा : ते चालायचंच. म्हणून तर गोष्ट सांगावी लागते. एक माणूस पैठणला नाथांकडं आला. म्हणाला, महाराज, तुमचं वागणं इतकं शांत, कुणावर राग नाही, लोभ नाही. आम्हाला का जमत नाही? नाथ म्हणाले, ते राहू दे, तू आजपासून सात दिवसांत मरणार आहेस. माणूस घरी गेला. ज्यांच्याशी भांडला होता त्यांची माफी मागितली, ज्यांचं घेतलं होतं त्यांचं देऊन टाकलं, बायकोवर ओरडला नाही, पोरांवर हात उगारला नाही. सातव्या दिवशी नाथ त्याच्याकडं आले आणि म्हणाले, या सात दिवसांत पाप किती केलंस? तो म्हणाला, सुचलंच नाही. नाथ म्हणाले, आम्ही रोजच असे जगतो. तुझं मरण काही आत्ता नाही.

भाची : आणि आठव्या दिवशी?

मामा : म्हणजे?

भाची : मरण टळलं हे कळल्यावर आठव्या दिवशी सकाळी त्या माणसानं काय केलं? गोष्ट तिथं थांबते. मला लहानपणापासून तेवढंच ऐकायचंय. सात दिवस कोणीही भला होईल, मामा. आमच्या वॉर्डात मी रोज बघते. व्हेंटिलेटरवर बाप आहे म्हटल्यावर दोन वर्षं न बोललेले भाऊ एकाच बाकड्यावर बसतात, एका डब्यात जेवतात. बाप बरा होऊन घरी गेला की त्याच भावांचं महिन्याभरात पुन्हा वाजतं. मरणाच्या धाकानं आलेला चांगुलपणा डिस्चार्ज कार्डाबरोबर घरी जात नाही.

मामा : तुझं बोलणं धारदार आहे, पण त्यात एक गफलत आहे. ते भाऊ बापाचं मरण बघत होते. नाथांनी त्या माणसाला त्याचं स्वतःचं मरण दाखवलं. तूसुद्धा रोज मरण बघतेस, पण दुसऱ्याचं. आपण मरणार हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि पटलेलं कोणालाच नसतं.

भाची : मला पटलं होतं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, 2021च्या एप्रिलमध्ये. आमच्यातलेच लोक आजारी पडत होते. रात्री पीपीई किटमध्ये घाम गळत असताना मला माझं मरण अगदी स्पष्ट दिसत होतं. त्यानं मला काय शिकवलं सांगू? राजीनामा लिहायला शिकवलं. कपाटात लिहून ठेवला होता. स्वतःच्या मरणाचा विचार केला की माणूस पळायची वाट शोधतो.

मामा : मग पळाली का नाहीस?

भाची : एका आजीनं पाणी मागितलं म्हणून. खरंच एवढंच. मास्क बाजूला करून चमच्यानं पाणी द्यायचं होतं आणि त्या वेळी तिथं दुसरं कोणी नव्हतं. एकीला पाणी दिलं, मग शेजारच्याची कूस बदलली, मग हँडओव्हरची वेळ झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. माझं मरण मला घरी ओढत होतं, दुसऱ्यांची तहान मला तिथं धरून ठेवत होती. म्हणून मी म्हणते, काम सापडतं ते दुसऱ्याच्या गरजेतून. आपल्या मरणाच्या चिंतनाचा त्यात फारसा वाटा नाही.

मामा : थांब. याला मी बाबा आमट्यांचं उदाहरण देतो. वरोऱ्यात घडलेली गोष्ट आहे. भर पावसात रस्त्याकडेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी पडलेला, बोटं झडलेली, अंगात किडे. बाबा तेव्हा वकील, जमीनदाराच्या घरचे, पण मैला वाहायचं कामसुद्धा हातानं केलेले. धाडसी माणूस. आणि तरीही त्याला बघून ते पळाले.

भाची : बघा! पळाले. स्वतःच्या शरीराची भीती वाटली म्हणून.

मामा : पण मग परत आले. त्याच्यावर आडोसा उभा केला, खाऊपिऊ घातलं, मरेपर्यंत त्याची सेवा केली. का आले परत? तू म्हणशील, तुळशीरामाची गरज होती. ती तर आधीही होती, पळाले तेव्हाही होतीच. परत आले ते स्वतःची भीती सहन होईना म्हणून. आपण इतके घाबरतो, मग आपलं जगणं कसलं, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. हा आपल्या मरणाचाच विचार आहे, बाई. भीती वाटणं आणि त्या भीतीकडं वळून बघणं यात फरक आहे. तू राजीनामा लिहिलास ती पहिली पायरी. तो कपाटात ठेवलास आणि दिला नाहीस ती दुसरी.

भाची : हे मला मान्य करावं लागेल, पण अर्धंच. कारण गोष्ट तुळशीरामाजवळ संपली असती तर आनंदवन झालंच नसतं. 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि बाबा कुष्ठरोगाचं शिक्षण घ्यायला कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये गेले. वकिली शिकलेला माणूस पस्तिशीत पुन्हा विद्यार्थी झाला. मग वरोऱ्याजवळची माळरानाची जमीन, विहीर खणणं, मोजके रुग्ण, सोबत पत्नी साधनाताई. तुळशीरामाची रात्र प्रवचनात सांगतात. कलकत्त्याचा तो अभ्यासक्रम कोणी सांगत नाही. माझ्या दृष्टीनं तोच त्यांचा आठवा दिवस.

मामा : हे मात्र खरं बोललीस. महाराजांना सांगायला हवं.

भाची : सांगा. आणि त्यांनी बुद्धाची गोष्टही सांगितली ना आज? म्हातारा दिसला, आजारी दिसला, प्रेत दिसलं आणि राजपुत्रानं घर सोडलं.

मामा : हो. तीच तर माझी सर्वांत मोठी साक्ष. मरण बघितलं आणि धर्म सापडला.

भाची : बाबासाहेबांना ती गोष्ट पटली नव्हती.

मामा : कोणाला, आंबेडकरांना?

भाची : हो. त्यांचं 'द बुद्धा अँड हिज धम्मा' हे पुस्तक त्यांच्या निधनानंतर, 1957 मध्ये छापलं गेलं. त्यात सुरुवातीलाच ते विचारतात की, एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर एकही म्हातारा, एकही आजारी, एकही प्रेत बघितलं नव्हतं, हे कसं शक्य आहे? या रोज घडणाऱ्या गोष्टी. मग त्यांनी दुसरी हकिकत मांडली. शाक्य आणि कोलीय या दोन गणांच्या मध्ये रोहिणी नदी. दोघंही तिचं पाणी शेतीला घ्यायचे. पाण्यावरून भांडण पेटलं, शाक्यांच्या संघानं युद्धाचा ठराव केला. सिद्धार्थानं विरोध केला, बहुमत विरुद्ध गेलं. संघाचा निर्णय मोडायचा नाही आणि युद्धातही उतरायचं नाही, म्हणून त्यानं घर सोडलं.

मामा : नदीच्या पाण्यावरून?

भाची : नदीच्या पाण्यावरून, मामा. आणि हे आपण गोदावरीच्या काठावर बसून बोलतोय. इथलं पाणी नांदूरमधमेश्वरावरून खाली जायकवाडीला जातं, नाथांच्या पैठणला. पाऊस कमी झाला की वरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं की नाही, यावरून नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असा वाद होतो, मोर्चे निघतात, प्रकरण कोर्टात जातं. बाबासाहेबांच्या हिशेबानं बुद्धाला काम सापडलं ते असल्या भांडणात. प्रेत बघून नाही, माणसं एकमेकांना मारायला निघाली हे बघून.

मामा : (थोडा वेळ गप्प राहून) हे मी वाचलेलं नाही, वाचीन. पण तू बाबासाहेबांचं नाव काढलंसच, तर आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट ऐक. येवला इथून काही फार लांब नाही. 13 ऑक्टोबर 1935ला तिथल्या परिषदेत त्यांनी सांगितलं की हिंदू म्हणून जन्मणं माझ्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मी मरणार नाही. नाशिकचा काळाराम मंदिराचा सत्याग्रह 1930 पासून चालला होता, दार उघडत नव्हतं, त्या अनुभवानंतरची ही घोषणा. आता बघ, हाच निर्धार त्यांना दुसऱ्या शंभर प्रकारे सांगता आला असता. पुढच्या वर्षी धर्म बदलीन म्हणता आलं असतं. त्यांनी मरणाची मुदत घातली. मरताना मी कोण असेन, हे आज ठरवतो, असं म्हणाले.

भाची : आणि मग एकवीस वर्षं घेतली.

मामा : एकवीस वर्षं अभ्यास केला, धर्म तपासले. 14 ऑक्टोबर 1956ला नागपूरला दीक्षा घेतली आणि 6 डिसेंबरला गेले. दोन महिनेसुद्धा मिळाले नाहीत. आता सांग, आपल्या मरणाच्या विचाराचा श्रद्धेशी संबंध नाही?

भाची : इथं तुमचं पारडं जड आहे. मी एवढंच म्हणीन की त्यांना मरण आठवलं ते एकट्याचं नाही. लाखो लोकांनी कुठल्या ओळखीनं जगायचं आणि कुठल्या ओळखीनं मरायचं, हा तो प्रश्न होता. गावागावांत स्मशानंसुद्धा वेगळी आहेत, मामा. मरण सगळ्यांना सारखं करतं असं प्रवचनात म्हणतात. प्रेत कुठल्या रस्त्यानं न्यायचं यावरून भांडणं होतात, तेव्हा हे वाक्य कुठं जातं?

मामा : त्याला माझ्याकडं उत्तर नाही.

भाची : मानसशास्त्राच्या अभ्यासात आम्हाला अर्नेस्ट बेकर होता. 'द डिनायल ऑफ डेथ' हे त्याचं पुस्तक 1973चं. त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं 1974 मध्ये, पण जाहीर व्हायच्या आधीच तो कॅन्सरनं गेला होता. त्याचं म्हणणं, माणूस मरणाच्या भीतीवर झाकण घालायला देव, देश, कीर्ती, वंश अशा मोठ्या गोष्टींना चिकटतो. त्यावरून पुढं काही संशोधकांनी प्रयोग केले. मरणाची आठवण करून दिली की माणूस आपल्या गटाला जास्त घट्ट धरतो आणि बाहेरच्यांशी जास्त कठोर होतो, असं त्यांना आढळलं. नंतर काहींनी तेच प्रयोग पुन्हा केले तेव्हा निकाल तसे आले नाहीत, म्हणून तो काही शिक्कामोर्तब झालेला नियम नाही. पण धोका ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मरण आठवून माणूस संत होईल तसा जातीयवादीही होईल.

मामा : हे मी मान्य करतो. बागेतलं सांगतो. एप्रिलमध्ये आपण खरड छाटणी करतो. वेलाचं नुसतं खोड राहतं. बाहेरच्या माणसाला वाटतं, मारून टाकला. पण छाटणीनंतर येणाऱ्या नव्या काडीतच पुढच्या वर्षीचा घड तयार होतो. मरणाची आठवण ही तशी छाटणी. पण छाटल्यावर खत, पाणी, विरळणी केली नाही तर रान माजतं किंवा वेल वाळतो. नुसत्या कात्रीनं द्राक्ष येत नाही.

भाची : हे पटलं. पण कात्री कोणाच्या हातात द्यायची, हेही बघा. माझी खरी तक्रार इथं आहे. दहाव्याच्या मंडपात दीडशे माणसं बसलेली असतात. त्यातल्या एखाद्याच्या मनात मरण आधीच घर करून बसलेलं असतं. सोसायटीचं कर्ज थकलंय, कांद्याला भाव नाही, गारपिटीनं बाग झोपलीय. त्याला व्यासपीठावरून सांगायचं की देह नाशिवंत आहे, संसार खोटा आहे? आमच्याकडं विष घेतलेली माणसं येतात. त्यांना मरणाची आठवण करून द्यायची काही गरज नसते. त्यांना कुणीतरी विचारायला हवं असतं की बाबा, जेवलास का, झोप लागते का, बँकेत बरोबर येऊ का.

मामा : (हळू आवाजात) खरं आहे. अशा माणसापुढं असली प्रवचनं करू नयेत. त्याच्यासोबत बसावं.

भाची : आणि 14416 हा टेलि-मानसचा नंबर सांगावा. सरकारची ही सेवा 2022 पासून आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. श्रद्धांजलीच्या भाषणांत दहा संस्थांचे दुखवट्याचे ठराव वाचून दाखवतात. त्यात हा एक नंबर वाचला तर काही बिघडत नाही.

मामा : पुढच्या दहाव्याला मीच उभा राहून वाचतो. आता मला एक सांग. तुझ्या हिशेबात श्रद्धेला जागा कुठं? तू देवळात येतेस, हात जोडतेस, पण तुझ्या बोलण्यात देव कुठंच येत नाही.

भाची : सावित्रीबाई फुले कुठं देवळात गेल्या होत्या? 1897च्या प्लेगात पुण्याजवळ त्यांच्या मुलानं, यशवंतानं, दवाखाना उघडला होता. साठी ओलांडलेल्या सावित्रीबाईंनी आजारी पोराला पाठीवर घेऊन तिथं आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897ला त्या गेल्या. त्या सत्यशोधक होत्या, भटजी मध्ये न घालता निर्मिकाला मानणाऱ्या. पोर पाठीवर घेताना त्यांना स्वतःचं मरण दिसत नसेल? प्लेगात कोणालाही दिसत होतं. तरी घेतलं. याला तुम्ही श्रद्धा म्हणा, मी कर्तव्य म्हणते.

मामा : मी त्यालाच श्रद्धा म्हणतो. कोणी बघत नसताना, बक्षीस नसताना, दमलेलो असताना, रोज तेच काम करायचं बळ कुठून येतं? तू त्या आजीला पाणी दिलंस ते एका रात्री. पण तू तिथं अजून आहेस, इतकी वर्षं. एका रात्रीला दया पुरते. रोजच्याला दुसरं काहीतरी लागतं. नाथांचंच बघ. ज्ञानेश्वरी 1290ची. नाथांच्या काळापर्यंत जवळजवळ तीनशे वर्षं तिच्या नकला होत गेल्या होत्या, लिहिणाऱ्यांच्या चुका शिरल्या होत्या, कोणी आपल्या ओव्या घुसडल्या होत्या. नाथांनी पोथ्या गोळा करून, ताडून बघून शुद्ध प्रत केली, शके 1506, म्हणजे 1584 साली. किती किचकट काम! त्यात ना गाणं, ना टाळ. एक पोथी इकडं, एक तिकडं आणि शब्दाला शब्द लावायचा. तू विचारलंस ना, आठव्या दिवशी काय? त्या माणसाचं मला ठाऊक नाही. नाथांचा आठवा दिवस हा असा होता. 1599 साली गोदावरीत देह ठेवला, तोवर संसार केला, भागवतावर लिहिलं, अंत्यज म्हणून बाजूला टाकलेल्यांच्या घरी जेवले अशा गोष्टी लोक सांगतात, आणि हे पोथीचं काम केलं.

भाची : हे कोणी प्रवचनात सांगितलं तर मी पुढच्या रांगेत बसेन.

मामा : तुकोबांचंही तसंच. 1630च्या सुमाराचा तो दुष्काळ. पहिली बायको अन्नावाचून गेली, पोरगा गेला. घर सावकारीचं, लोकांकडं येणी होती. परंपरा सांगते की धाकट्या भावानं, कान्होबानं, आपल्या वाट्याचे कर्जरोखे ठेवून घेतले आणि तुकोबांनी आपले इंद्रायणीत बुडवले. हा झाला सातवा दिवस, देणंघेणं मिटवण्याचा. पण नंतर त्यांनी मोडकळीला आलेलं घरचं विठ्ठलाचं देऊळ नीट केलं, दुसऱ्यांच्या कीर्तनात मागं उभं राहून धृपद धरलं, संतांची वचनं पाठ केली. अभंग त्यानंतरचे. रोखे बुडवायला एक सकाळ लागली असेल. पाठांतराला किती दिवस लागले असतील?

भाची : मागं उभं राहून धृपद धरणं. हे मला आवडलं. आमच्या नोकरीत पहिली काही वर्षं तेच असतं.

मामा : आणि भाऊ एकाच घरातला, दुष्काळ एकच, मरण एकच. एकानं रोखे ठेवले, एकानं बुडवले. तुझी बाजू इथं जिंकते. नुसत्या मरणानं काहीच ठरत नाही.

भाची : मग तुमची बाजूही जरा तपासू. मामा, तुम्ही रोज हरिपाठ म्हणता, रोज मरण आठवता. मृत्युपत्र केलंय का?

मामा : (हसून) नाही.

भाची : बागेचे गट किती, विहिरीत वाटा कोणाचा, सोसायटीचं किती बाकी, हे दादाला आणि वहिनीला ठाऊक आहे?

मामा : दादाला थोडंफार.

भाची : साध्या कागदावर लिहिता येतं. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. दुसरं, तुम्हाला उद्या झटका आला आणि शुद्ध गेली, तर किती दिवस व्हेंटिलेटरवर ठेवायचं, हे कोणाला सांगितलंय? सर्वोच्च न्यायालयानं 9 मार्च 2018ला सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला आणि असं आगाऊ लिहून ठेवायची मुभा दिली. आधी त्याला न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. जानेवारी 2023 मध्ये ती अट काढली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आमच्याकडं सगळ्यांत वाईट दिवस कोणता, सांगू? बाप बोलू शकत नाही, त्याला काय हवं होतं कोणाला ठाऊक नाही, आणि मुलं एकमेकांवर ओरडतात. ते लोभी असतात म्हणून नाही, नळ्या काढा असं म्हणण्याचं पाप कोणाला घ्यायचं नसतं म्हणून. बापानं एक कागद लिहिला असता तर मुलांवरचं ते ओझं उतरलं असतं.

मामा : म्हणजे चाळीस वर्षं मरण आठवून मी एक कागद लिहिला नाही.

भाची : चाळीस वर्षं तुम्ही पोरांना शिकवलंत. माझा आठवा दिवस तुमच्या शाळेत सुरू झाला, मामा. पण कागद लिहा.

मामा : लिहितो. आणि तुझ्या राजीनाम्याचं काय? कपाटात ठेवला होता म्हणालीस, अजून आहे?

भाची : आहे. अधूनमधून वाचते. मी आलेय ते तेच विचारायला. दमले आहे. वाटतं, सोडून द्यावं, पंढरीची वाट धरावी, भजन करावं.

मामा : आता माळकरी मी आणि वारीला तू निघालीस! मी नको म्हणणार नाही. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून ज्येष्ठात निघते, रजा काढून चाल. पण वारी म्हणजे राजीनामा नव्हे. वारीला गेलेला माणूस पेरणीचं बघून जातो आणि निंदणीला घरी येतो. गाडगेबाबांना विचार. त्यांच्या कीर्तनात देव कुठं होता? झाडूत. हयातभर गावं झाडली, धर्मशाळा बांधल्या. आपल्या नाशिकलाही बांधली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा 1949 मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. बाबासाहेब गेले आणि चौदा दिवसांनी, 20 डिसेंबर 1956ला, गाडगेबाबा अमरावतीजवळ प्रवासातच गेले. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही कॅन्सरच्या उपचारासाठी आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. तू ज्या कामाला भजनापासून वेगळं समजतेस, ते गाडगेबाबांच्या हिशेबानं भजनच आहे.

भाची : गोड बोलून कामाला लावायची ही जुनी युक्ती आहे, मामा. नर्सला देवी म्हणायचं आणि पगार थकवायचा, सुट्टी द्यायची नाही. कामात पुण्य आहे म्हणून बारा तासांची ड्युटी सोळा तासांची करता येत नाही. दमलेली माणसं चुका करतात आणि आमच्या चुकीनं माणूस मरतो.

मामा : मग त्यासाठी भांड. जादा माणसं मागणं, रजा मागणं हेही त्याच कामात येतं. मी हात जोडून सहन कर म्हणत नाही. मी म्हणतो, दमणं आणि हेतू संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दमलेल्यानं झोपावं. हेतू संपलेल्यानं काम बदलावं. आधी झोप, मग ठरव.

भाची : दहाव्याला आल्यापासून ऐकलेलं हे सगळ्यांत कामाचं प्रवचन.

मामा-भाचीचं एकमत झालं नाही आणि होण्याची गरजही नाही. भाची श्रद्धेला कर्तव्य म्हणत राहील, मामा कर्तव्याला श्रद्धा म्हणत राहतील. पण दोघांच्या साक्षी एकत्र ठेवल्या तर एक निवाडा देता येतो. मरणाच्या आठवणीनं माणसाचा हिशेब मिटतो, भांडणं लहान वाटतात, हातातलं सुटतं. तेवढं तिच्या आवाक्यात आहे. काम मात्र ती देत नाही. ते वरोऱ्याच्या रस्त्यावर, येवल्याच्या सभेत, प्लेगाच्या दवाखान्यात, पैठणच्या पोथ्यांत पडलेलं होतं, आणि ज्यांनी ते उचललं त्यांनी मरणाचा विचार बाजूला ठेवून शेवटपर्यंत अभ्यास केला, घाम गाळला. हिशेब मिटलेल्या माणसाचे हात मोकळे होतात, एवढाच या दोन गोष्टींचा संबंध. मोकळ्या हातांनी काय धरायचं, हे समोरचा गरजू माणूस सांगतो.

तेव्हा पुढच्या दहाव्याच्या मंडपातून उठताना वाचकानं स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. आज मेलो तर कोणाचं देणं राहील? आणि नाही मेलो तर उद्या सकाळी कोणाचं काम करायचं आहे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका आठवड्यात, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी देता येतं, ते देऊन टाकावं. दुसऱ्याला उरलेलं सगळं आयुष्य लागतं, म्हणून त्याची सुरुवात पुढं ढकलू नये.